दोनशे मिलिसेकंद

या बंदुकीला चाप नाही.
दस्त्यावर शेवाळी रंगाची पट्टी आहे एक,
तळहात टेकला की ती ऐकू लागते
बोट वळण्याच्या आधीचं,
मनात जे नुसतं हलतं, ते.

कायनूच्या एका तळ्याकाठी आमची चाचणीची शेड.
नोव्हेंबर. दुपारी तीनला अंधार.
वेइयोला आम्ही रोजावर बोलावतो:
वय एकाहत्तर, पन्नासेक हिवाळे एल्कच्या मागावर काढलेला,
हात असा की भरल्या कपातली कॉफी हलत नाही.
समोर प्लायवुडचा एल्क, शिंगांचा रंग उडालेला,
रुळावरून कुरकुरत सरकणारा.
माझं काम सोपं. पडद्यावरचा आकडा वाचायचा.

शून्य पूर्णांक चार.
सहा.
नऊ.
आता सुटणार म्हणून मी कान झाकले,
आणि आकडा दोर तुटलेल्या बादलीसारखा
खाली गेला.

"काय झालं?"
"मागे पिल्लू होतं," वेइयो म्हणाला.
मी खिडकीतून पाहिलं. रूळ, प्लायवुड, बर्फ.
"आत्ता नाही," तो म्हणाला. "मी चौदाचा होतो तेव्हा."
मग खिशातून राईचा पाव काढून
तो शांतपणे खात बसला.

अहवालात याला रकाना नाही.
मी लिहिलं: हेतू आढळला. हेतू मागे घेतला. कारण अज्ञात.
युर्की, आमचा साहेब, म्हणतो हा विलंब काढावा लागेल,
गिऱ्हाईक विचारतंय, दोनशे मिलिसेकंद कशाला?
तेवढ्यात समोरचा माणूस
वाक्य तो पुरं करत नाही.

मनात येणं वेगळं, मनावर घेणं वेगळं;
कुठल्या तारेतून कुठलं वाहतं
मला अजून सापडलेलं नाही.
मनात माझ्याही काय काय येतं.
युर्कीची गाडी माझ्या जागेवर लागलेली दिसली की तीन,
बहिणीचा फोन आला की पाच, नाताळच्या सुमारास सहा.
आजवर कुणी मेलेलं नाही.

घरी आई. लेम्पी.
झटक्यानंतर उजवी बाजू गेली, शब्द उरले पाच-सहा,
त्यातला एक माझ्या बहिणीचं नाव.
तिच्या खुर्चीच्या डाव्या हातावर तीच पट्टी,
आमच्याच शेडमधली, फक्त रंग फिका.

"काही हवंय?"
"नको," आई म्हणते,
आणि खुर्ची हळूच दाराकडे वळते.

आम्ही दोघी खुर्चीकडे बघत राहतो.
आई लाजते, साखर खाताना सापडलेल्या पोरीसारखी.
मी तिला कोट चढवते, लोकरी टोपी,
मेलेला हात बाहीत घालायला वेळ लागतो.

धक्क्याच्या फळ्यांवर बर्फ. तळं पुरतं गोठलेलं नाही,
मधोमध पाणी काळं, उघडं.
खुर्ची पुढे जाते.
अजून पुढे.
मी म्हणते, आई.
इथे पडदा नाही, आकडा नाही,
तिच्या पाठीवरून मला काहीच वाचता येत नाही.

शेवटच्या फळीपाशी खुर्ची थांबते.
तिने थांबवली म्हणता येणार नाही.
पट्टीवरचा हात उचलून
तिने माझी बाही धरली आहे.

बराच वेळ आम्ही काळ्या पाण्याकडे बघतो.
"थंडी," आई म्हणते. हा सातवा शब्द,
मला माहीत नव्हता तो तिच्याकडे उरलाय.

उद्या युर्की विलंब चाळीसवर आणायला सांगेल.
मी पडद्यावर चाळीस दाखवीन,
आत दोनशेच राहू देईन.
कुणाला कळायला सहा महिने लागतील,
कदाचित वर्ष.

हे अजून फक्त मनात आलंय.